रणाकडे पाठ

आमच्या भावोजींनी आम्हाला पाहण्यासारखी जी जी ठिकाणं दाखवली, त्या सगळ्यांकडे आमची पाठ होती. गाडी थांबली की ते उतरत, चार पावलं पुढे जाऊन वळत आणि म्हणत, "मागे काय आहे ते सोडा, इकडे बघा." मग मागचा डोंगर, मागचं धरण, मागचा समुद्र आम्ही सोडून द्यायचो आणि त्यांच्या फोनकडे बघून हसायचो. कुणी मान वळवलीच तर त्यांचं दुसरं वाक्य तयार असे, "घरी गेल्यावर निवांत बघू. मोठ्या टीव्हीवर."

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वालीवला त्यांचा बिजागऱ्यांचा कारखाना आहे आणि माणसांच्या मानेलाही बिजागऱ्या असतात अशी त्यांची समजूत असावी. हनुवटीला धरून ते समोरच्याचा चेहरा खुशाल फिरवतात. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा ताईकडे बघायच्या आधी त्यांनी फोटोग्राफरकडे बघितलं. मी शेजारीच उभा होतो. माझं त्यांच्याबद्दलचं मत तिथेच झालं आणि ते बदलायची संधी त्यांनी मला अजून दिलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी कच्छचं रण बघायला जायचं ठरलं, ते आईसाठी. तिला काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नळीतून बघावं तेवढंच तिला दिसायचं. आईचं माहेर खाडीकाठचं, तिचे वडील मिठागरावर कामाला. त्या मिठागरांवर आता भराव पडलाय. कच्छात नजर पोचेल तिथवर मीठच मीठ असतं, हे कुणाकडून तरी ऐकल्यापासून तिने एकच धरलं होतं. "डोले जायाच्या आदी मना तेवडं मीठ बगाचं हाय."

भावोजींनी लगेच सगळं हातात घेतलं, म्हणजे सगळ्यांसाठी पिवळे टी-शर्ट छापून आणले. छातीवर 'फॅमिली ऑन व्हील्स'. आईने तो लुगड्यावर घालायला ठाम नकार दिला, तेव्हा त्यांनी तो तिच्या खांद्यावर शालीसारखा टाकला आणि तेवढ्यात फोटोही काढला. वसईपासून कच्छपर्यंत गाडी त्यांनी एकट्याने चालवली, आणि चांगली चालवली, हे लिहायला जिवावर येतंय. पण भरूचजवळ शेंगदाणे घ्यायला थांबलो तिथेही रांग लावली. आई दाणे सोलताना कशावर तरी हसली, तो फोटो त्यांना फार आवडला. "हा चेहरा जपून ठेवतो," म्हणाले.

दोन्ही बाजूंना रणाची पांढरी जमीन आणि मधून सरळ रेघेत जाणारा रस्ता लागला. भावोजींनी करकचून ब्रेक लावला. ताईला ओढणी उडवत गाडीकडे चालत यायला सांगितलं. वारा पडला म्हणून पुन्हा. ट्रक मध्ये आला म्हणून पुन्हा. काळा लोकरी पदर घेतलेली एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, तिला त्यांनी हाताने बाजूला व्हायची खूण केली. तिच्याच रस्त्यावरून तिलाच. गाडीत बसलेली आई तेवढं एकच म्हणाली, "दिस कलला रं."

रणात पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. भावोजींनी आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं, पाठ सूर्याकडे. प्रत्येकाने तळहात असा धरायचा की फोटोत सूर्य हातावर ठेवल्यासारखा दिसेल. "अगं, तुझा हात वर. मेहुणे, तुमचा खाली. अजून. आई, इकडे बघा."

आई वळली, पण त्यांच्याकडे नाही. सगळ्यांच्या मधोमध, भावोजींकडे पाठ करून ती सूर्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आई, फोटो बिघडतोय."

"तुमी काडा, जावयबापू. मना बगू द्या."

मग तिचा हळू आवाज ऐकू आला, "एवडं मीठ, आनि उचलाला कोन नाय." मी तळहात धरून दात दाखवत उभा होतो. त्या संध्याकाळी बुडणारा सूर्य आमच्यापैकी फक्त आईने पाहिला.

वर्षभरात तिची नजर पूर्ण गेली. मागल्या महिन्यात तिच्या पंच्याहत्तरीला भावोजींनी आपल्या हॉलमध्ये चकचकीत कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम आणली. कागद फाडला, आणि मी जवळ जाऊन बघितलं. सगळे पिवळे, सगळे रणातल्या उन्हाने तांबूस, आणि मधोमध आई, आमच्यासारखीच कॅमेऱ्याकडे तोंड करून हसणारी. भरूचच्या भर दुपारच्या उन्हातला, दाणे सोलतानाचा चेहरा होता तो. हल्ली फोन काहीही करून देतो.

आईने काचेवरून हात फिरवला. "कोन कोन हाय?"

भावोजींनी एकेक नाव सांगितलं.

"आनि माजं तोंड कुटं हाय?"

"आमच्याकडे, आई. एकदम मस्त हसताय."

आईचा हात काचेवर थांबला. "मंग ती मी नाय, जावयबापू. मी सूर्य बगत होते."

ताईने मान खाली घातली. भावोजी मात्र हसले. "आई पण ना, गंमत करतात," म्हणाले आणि फ्रेमसोबत फोटो काढायला सगळ्यांना रांगेत बोलावलं. जेवणं झाल्यावर मी त्यांच्याकडे मूळ फोटो मागितला. "तो खराब आला होता," ते म्हणाले, "उडवला."

माझा संताप अजून गेलेला नाही. आईची ती पाठ, अंबाड्यातली अबोली, समोर ते सगळं मीठ, यातलं काहीच आता कुठे नाही. फ्रेम हॉलमध्ये सोफ्यासमोर लावलीय. ताईसाठी मला तिथे जावं लागतं. गेलो की मी सोफा सोडून समोरची खुर्ची घेतो आणि त्या फोटोकडे पाठ करून बसतो. भावोजींनीच ती सवय लावलीय.