कोऱ्या पाण्यातली लाल रेष

आधीच सांगते – भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी काही मानत नाही. विज्ञान शिकले, त्यावरच पोट भरते. म्हणून हे लिहिताना मला भीती वाटत नाही, संताप येतो.

बीटी कपाशी नवी होती तेव्हाची गोष्ट. बकऱ्यांमध्ये पीपीआर नावाचा जीवघेणा आजार येतो. त्याचा विषाणू ओळखणारी पट्टी आमची लॅब बनवत होती. नेहमीच्या पट्टीत अँटिबॉडी असते. ती बर्फातून नेली नाही तर उन्हानं निकामी होते. आम्ही तिच्याऐवजी विषाणूचा ठसा घेतलेले प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण वापरले होते. ते आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात टिकतात का, हे बघायला मी पिंपळगाव राजाजवळच्या एका वस्तीवर, शमीमचाचींकडे गेले.

आदल्या साली चाचींच्या बऱ्याच बकऱ्या मेल्या होत्या.

"ढोराच्या दवाखान्यातल्या साहेबानं पट्टी लावली," चाची म्हणाल्या, "म्हने आजार नाही. तुनंच बीटीची पऱ्हाटी चारली, म्हून मेल्या. माह्याच डोक्शावर खापर फोडलं, बाई!"

ती नेहमीची पट्टी एसटीतून, भर उन्हात, बिनबर्फाची आली होती. ती काय डोंबल सांगणार?

उरलेल्या बकऱ्या तपासल्या. सगळ्या निरोगी; विषाणू असल्याची लाल रेष एकाही पट्टीवर नाही. मग नियमाप्रमाणे एक पट्टी नुसत्या शुद्ध पाण्यात बुडवली... आणि लाल रेष उमटली. ठळक! हातमोजे बदलले, नवी सीलबंद बाटली फोडली – पुन्हा रेष. फाटकाबाहेर त्याच बाटलीत दुसरी पट्टी बुडवली – कोरी. आत आले – रेष! अंगणातली माती तपासली, तर ती कोरी. रेष खरी असो वा खोटी, मला धोका पत्करायचा नव्हता.

तशीच साहेबांकडे गेले, वस्तीसाठी लस मागितली. ते हसले. "मॅडम, पाण्याला ताप आला का?" मी हटेना, तेव्हा वैतागून म्हणाले, "एवढा कळवळा असेल तर त्या चाचीच्या एका गोठ्यापुरती न्या." फ्रीजमध्ये साऱ्या वस्तीला पुरेल एवढी लस मी डोळ्यांनी पाहिली. भांडले. बाकीच्यांसाठी नाहीच दिली! मिळाली तेवढी चाचींच्या बकऱ्यांना टोचून घेतली.

पावसाळ्यात पीपीआर आला. घरोघरच्या बकऱ्या मेल्या; चाचींच्या तेवढ्या उभ्या राहिल्या. आणि लोक काय म्हणाले? चाचीनं करणी केली! तिच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं शेजाऱ्यांनी. साहेबांना मात्र कुणी जाब विचारला नाही.

लॅबमध्ये म्हणाले, धूळ पडली असेल, तुझा हात लागला असेल. अरे, मग फाटकाबाहेर तो हात कुणाचा होता? त्याच खोक्यातल्या पट्ट्या त्यांनी लॅबमध्येच पाण्यात बुडवून पाहिल्या – एकीवरही रेष नाही. ती रेष का उमटली, मला आजही सांगता येत नाही.

पुढे चाचींना भेटले. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, लस साऱ्याइले काऊन नाही देल्ली?"

याचं उत्तर मला माहीत होतं – लस होती, साहेबांना द्यायची नव्हती... सांगायची लाज वाटली.