पासपोर्टवर रामटेके, तिकिटावर मेश्राम

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. नागपूरच्या कॉलेजपासूनची ही माझी मैत्रीण, आता अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटात. दिवस भरत आलेले आणि नवरा व्हिसाच्या कामात मुंबईत अडकलेला. "वैशू, येतेस का गं?" एवढंच म्हणाली. मी तिकीट काढलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. अमेरिकेत देशातल्या देशात उडतानाही फोटो आयडी मागायला नुकतीच सुरुवात झाली होती. आम्ही राहायचो नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत; तिथून विमानतळावर प्रशांत, माझा नवरा, सोडायला आला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "बॅग स्वतःच भरलीत? कुणी काही न्यायला दिलंय?"

"नाही म्हण," प्रशांत कुजबुजला.

पण शेजारच्या काकूंनी सुनंदासाठी डिंकाचे लाडू दिले होते. मी हो म्हटलं. डबा उघडून तपासला, परत मिळाला. अडलं ते पुढे. तिकिटावर सासरचं मेश्राम. पासपोर्टवर, लायसन्सवर माहेरचं रामटेके.

"या दोघी एकच, हे मी कसं मानू?" बाई शांतपणे म्हणाल्या. लग्नाचा दाखला बँकेच्या लॉकरमध्ये, आणि वार रविवार.

"कॅन्सल कर यार," प्रशांत म्हणाला. "उद्या ऑफिसात माझं सॉफ्टवेअर रिलीज आहे, मी येऊ शकत नाही."

"गाडीची किल्ली दे."

हायवेवर मी तोवर एकटी कधी गेले नव्हते. प्रशांतने नकाशावर रेघ मारून दिली, मग टॅक्सीने घरी गेला. शार्लटजवळ दोन्ही बाजूंनी ट्रक आले तेव्हा वेग कमी करून त्यांना पुढे जाऊ दिलं. साउथ कॅरोलिनात गॅस, म्हणजे पेट्रोल, स्वस्त, टाकी तिथेच भरा. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, मीठ सढळ, अगदी आपल्यासारख्या. अटलांटाला वळसा घालताना हायवेवरून उतरायचं एक एक्झिट चुकले, रडू आलं, पुढच्यावरून परत फिरले. संध्याकाळी सुनंदाने दार उघडलं, कमरेवर हात ठेवून.

पहाटे कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "तुम्ही कोण?"

"बहीण," सुनंदा माझ्याआधी म्हणाली. नर्सने मान हलवली आणि मला आत घेतलं. दुपारी मुलगी झाली.

पुढच्या रविवारी सुनंदाचा नवरा पोहोचला आणि मी निघाले. प्रशांत विमानाने येऊन गाडी चालवणार होता. मी नको म्हटलं. परतीला एकही एक्झिट चुकले नाही.

घरी जेवताना प्रशांत म्हणाला, "पासपोर्टवर मेश्राम करून घेऊ. कटकट संपेल."

"तिकिटावर रामटेके लिही," मी म्हटलं. "तरीही संपेल."