डबीतला कापूस

माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, हे मी आधीच सांगून टाकते. यवतमाळात माझ्यासोबत काम केलेलं कोणीही हेच सांगेल, मग मीच का नको? तर अशा बाईला एका संशोधनात मुलाखती घ्यायचं काम मिळालं. एचआयव्हीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागली होती. पण एसटी स्टँडवर, बाजारात, पुलाखाली राहणारी पोरंपोरी ती सुरू करायची आणि मध्येच सोडून द्यायची. का सोडतात आणि काय केलं म्हणजे सोडणार नाहीत, हे आम्हाला शोधायचं होतं. आमच्या प्रमुख मुंबईहून आलेल्या डॉक्टर मॅडम. बोलायला मऊ, कामाला कडक.

कापसाचे ते वाईट दिवस होते. आठवड्याआड एखादा पत्रकार गळ्यात कॅमेरा अडकवून स्टँडवर उतरायचा आणि मलाच विचारायचा, "आत्महत्या झालेलं गाव कुठलं जवळ पडेल?" उतरताना ज्या पोरांना ओलांडून तो आलेला असायचा, त्यांच्याबद्दल कोणी एक शब्द विचारत नसे. माझा असा संताप व्हायचा! एकाला तर मी म्हटलं, "दादा, खाली बघून चाला, पायाखाली बातमी आहे." त्याला वाटलं, मी चिखलाबद्दल बोलतेय. त्यानं बूट पुसले.

त्या पोरांमध्ये एक पोरगी होती, पंधरा-सोळा वर्षांची. आईबाप दोघंही याच आजारानं गेलेले. काकानं पुसदला यवतमाळच्या गाडीत बसवून दिलं आणि वळून पाहिलं नाही. स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर ती कपबशा विसळायची, तिथेच आडोशाला झोपायची. कापसाचा हंगाम लागला की बायकांच्या टोळीबरोबर वेचणीला जायची. काटकुळी, पण जीभ अशी की कंडक्टरसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. मला ती पहिल्या दिवसापासून "ओ रागीट बाई" म्हणायची. मला ती फार आवडायची.

आदल्या वर्षी छातीच्या आजारानं ती दवाखान्यात पडली होती, तेव्हा तिला गोळ्या सुरू झाल्या. मग बंद. खोकला परत आला होता, गालाची हाडं वर आली होती. मॅडमनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं, "हे औषध अर्धवट घेत राहिली तर तिच्या अंगात ते चालेनासं होईल. आणि त्याच्या पुढचं औषध इथे आपल्याकडे नाही." म्हणजे काय, हे मला कोणी फोड करून सांगायची गरज नव्हती. पोरगी हातची जाणार होती.

आमच्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असे. मागच्या आठवड्यात गोळ्या चुकल्या का? झाडून सगळी पोरं पाठ केल्यासारखं उत्तर द्यायची, "नाही बाई, एकपण नाही." तीही तेच म्हणाली, आणि म्हणता म्हणता खोकली. मी चिडून उठले. म्हटलं, खुर्चीत बसून हे कोडं सुटायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीच्या मेटॅडोरमध्ये मी जाऊन बसले.

टोळीची मुकादमीण म्हणजे साठीची, आडव्या हाडाची बाई. कोण कामावर येणार, कोण नाही, हे तिच्या शब्दावर. तिनं मला खालीवर पाहिलं. "बाई, तुमाले वेचता येते का?"

"नाही."

"मंग मधात नका बसू. काठाले बसा."

बाभुळगावाकडच्या एका वावरात आम्ही उतरलो. बायकांनी कमरेला ओट्या बांधल्या आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत शिरल्या. ओटी म्हणजे लुगड्याची नाहीतर पोत्याची झोळी, वेचलेला कापूस त्यात पडत जातो. पाणी प्यायला पोरगी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आली तशी मी पिशवीतून गोळ्यांची नवी डबी काढली आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून तिच्या हातात कोंबली. तिनं डबी घेतली, माझ्या कानाशी नेली आणि खणखणून हलवली.

"ऐकलं?"

"काय?"

"खुळखुळते! वाकलं की खुळखुळते, उठलं की खुळखुळते. सगळ्याजणी इचारतात, काय वाजून राह्यलं व तुह्या ओटीत? काय सांगू? एकीले समजलं का साऱ्या टोळीले समजते. मंग कोण घेईन मले गाडीत? कोण आपल्या पाण्याच्या गुंडातलं घोटभर देईन? म्हून फेकली पहिली डबी नाल्यात."

"मग बरोबर कशाला आणतेस? ठेवून यायची."

"कुठी ठेवू?" तिचा आवाज चढला. "मले कपाट हाय का?"

औषधाचा त्रास होतो का, पोटात अन्न असतं का, दवाखाना लांब पडतो का, हे सगळं आम्ही विचारलं होतं. डबी वाजते का, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दवाखान्यातल्या टेबलावर ती तशी वाजत नाही.

मॅडमना सांगितलं तर आधी त्या हसल्या. मग त्यांनी स्वतः एक डबी साडीच्या घोळात खोचली आणि खोलीभर चालून पाहिलं. "अरे देवा," म्हणाल्या. पोरीनं तोवर आपल्या अकलेनं तोड काढली होती. तिनं डबीत कापूस ठासला. वेचणारीला कापसाची काय वाण! मला दाखवायला तिनं डबी हलवली. चूं नाही की चां नाही. आम्ही दोघी टपरीसमोर खदखदून हसलो.

आठच दिवसांत ती उतरलेल्या तोंडानं आली. डबी उघडली तर गोळ्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, खाली पांढरा चिखल. तिनं सकाळच्या दवातला, हाताखालचा ओलाच कापूस भरला होता, सरकीसकट! मी कडाडले, "अगं, भिजलेला कापूस व्यापारीसुद्धा परत पाठवतो! जन्म वेचण्यात गेला तुझा आणि एवढं समजलं नाही?"

"मी इकाले नेत होती का त्याले?" ती तितक्याच जोरात म्हणाली, आणि मग एकदम रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. "बाई, आता मरतो का मी?"

मॅडमनी नवी डबी मिळवून दिली, पण बजावलं की आता आणखी खंड परवडायचा नाही. मी घरी आले तेव्हा आई ओसरीत फुलवाती वळत बसली होती. परातीत सरकी काढलेला, उन्हात खडखडीत वाळवलेला, पिंजलेला कापूस. आमच्या घरी त्या परातीला कोणाचा हात लागलेला आईला चालत नसे. माझी आई सोवळ्याओवळ्यात अशी पक्की, की गॅसच्या सिलिंडरवरही पाणी शिंपडायची. मी चपला न काढता आत गेले आणि मूठभर कापूस उचलला.

"अगं ए! देवाचा आहे तो!"

मी तिला नाव-गाव न सांगता सगळं सांगितलं, आजारासकट. माझी भांडायची पूर्ण तयारी होती. आईनं हातातली वात परातीत ठेवली. मग म्हणाली, "मूठभर कशाला नेतेस, चुरगळेल. थांब." आणि डबीच्या तोंडात बसेल अशी चपटी, गोल गादी तिनं वळून दिली. मग दुसरी, मग तिसरी. "एका वातीनं देवाला काय कमी पडणार आहे?" म्हणाली. त्यानंतर संध्याकाळी घरी आले की ती आधी हेच विचारायची, "पुरला का कापूस?"

आणि चालू लागलं की हो! पोरगी मेटॅडोरमध्ये बसायच्या आधी सकाळची गोळी घ्यायची, परतल्यावर संध्याकाळची. स्टँडवरच्या बाकीच्या पोरांना कुठून वास लागला कोण जाणे. एक दांडगा पोरगा, जो माझी सावली दिसली तरी पळायचा, तो स्वतःहून आला. "बाई, मले बी थे बिनआवाजाची डबी पायजे." मॅडमनी मग सगळ्यांच्याच डब्यांत कोरडा कापूस घालायचा नियम केला. नागपूरच्या बैठकीत एका मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे शास्त्रीय कसं काय?" मॅडमनी कापूस नसलेली डबी त्यांच्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "सर, जरा चहापर्यंत जाऊन या." सगळी खोली हसली. साहेब जागेवरच बसून राहिले.

पावसाळा सरेपर्यंत पोरीचा खोकला गेला. रक्ताच्या तपासणीत ताकदीच्या पेशींचा आकडा वर आला, गाल भरले. वजनकाट्यावर उभी राहून ती ओरडली, "ओ रागीट बाई, मी जाडी झाली!" मी तिला तिथेच कवटाळलं. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीच्या पत्रानंही झाला नव्हता.

मग नवा हंगाम आला. आमच्याकडे पहिली वेचणी लागायच्या आधी वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तोच प्रसाद टोळीतल्या सगळ्यांनी खायचा. मुकादमिणीनं फर्मान काढलं, यंदा प्रसाद त्या पोरीच्या हातून. कुवार पोरगी, शुभ असते.

आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "माह्या हातचं खातील अन् उद्या समजलं का म्हणतील, फसवलं आमाले. मी सांगून टाकतो."

"वेडी आहेस का? काम जाईल. अजून अख्खा हंगाम पडलाय."

"जाईल तं जाईल. तुमी या संगं. फक्त उभ्या राहा. बोलू नका, तुमचं तोंड लय चालते."

गेले. धुऱ्यावर उभी राहिले आणि दातांखाली जीभ धरली. पूजा झाली. दहीभाताचं पातेलं पोरीच्या हातात आलं. ते तिनं खाली ठेवलं, ओटीतून डबी काढली, झाकण उघडलं, आईनं वळलेली कापसाची गादी चिमटीनं काढून टाकली आणि झाकण लावून डबी जोरानं हलवली. त्या शांत वावरात ती खुळखुळ केवढी वाजली!

"मागल्या साली तुमी इचारत होत्या, काय वाजते म्हून. हे वाजते. माह्या रक्तात एचआयव्ही हाय. माय-बाप त्यानंच गेले. ह्या गोळ्या घेतो म्हून मी उभी हाय. हातचं खाल्ल्यानं थो आजार होत नाही, डॉक्टरनं सांगतलं. तरी जिले माह्या हातचा घास नको, तिनं आत्ताच सांगा."

एकीनं पदर सावरून घेतला आणि दोन पावलं मागे सरली. माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती, पण शब्द दिला होता. पोरीनं डबी ओटीत ठेवली नाही, तशीच सगळ्यांपुढे धरली.

मुकादमीण पुढे आली. तिनं उजवा तळहात पसरला.

"बोलू बोलू भात सुकवला पोरीनं. वाढ."

पोरगी हललीच नाही.

"वाढ व! हात दुखून राह्यला माहा." भात हातावर पडला तसा तिनं सगळ्यांदेखत तो तोंडात टाकला, बोटं चाटली. मग बाकीचे हात पुढे आले. मागे सरलेलीनं नाही घेतला. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. मी धुऱ्यावर उभी राहून हमसाहमशी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

ओट्या बांधता बांधता मुकादमिणीनं पोरीला हाक मारली. "अन् आयक. डबीत कापूस भरू नको आता. सकाळी गोळी घेऊन गाडीत बसली का माह्या कानापाशी वाजवत जाय. वाजली का मले समजन, गोळी घेतली पोरीनं. नाही वाजली तं गाडी हलणार नाही."

ती गाडी नंतर मी कितीदा पाहिली. स्टँडवरून निघायच्या आधी आतून खुळखुळ ऐकू यायची, मग मुकादमिणीची हाक, "चाल रे ड्रायव्हर!"