नणंदबाईंच्या मातीच्या बाया

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या मोठ्या नणंदबाईंनी ज्याला झापलं नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. आणि दर वेळी त्यांचंच बरोबर असतं, ही आमची खरी पंचाईत. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून त्यांनी लोहाऱ्याला पत्र्याची एक शेड घेतली, भट्टी बांधली आणि गेली तीस वर्षं त्या मातीच्या बाया करतात. नुसत्या बाया. पोट सुटलेल्या, टाचा फुटलेल्या, जांभया देणाऱ्या. देवीच्या मूर्ती करा, खपतील तरी, असं सांगून लोक थकले. त्यांचं उत्तर ठरलेलं : "देवीले आठ हात. मले दोन हाताची बाई समजता समजता म्हातारपन आलं."

लग्नाकार्यात त्यांना नेणं ही जोखीमच. नवरीकडे त्या ढुंकून बघत नाहीत. सगळं लक्ष पोळ्या करणाऱ्या बाईच्या कोपरावर. केळापूरच्या एका लग्नात "थांब वं, हात असाच राहू दे" म्हणत त्यांनी तिला इतका वेळ अडवलं की तव्यावरच्या पोळीचा धूर मांडवात शिरला. मग ती जळकी पोळी त्यांनी मुकाट्याने स्वतःच खाल्ली. माती आणायची ती बाभुळगावकडच्या एका तळ्यातलीच, आणि चिमूटभर जिभेवर ठेवून चव घेतल्याशिवाय पोतं गाडीत चढत नाही. मूर्ती एकदम वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर सारखं ओलं फडकं लागतं. मी तापाने फणफणले होते तेव्हा बाईंनी दारातूनच "गोळी घेतली का?" एवढं विचारलं, मूर्तीचं फडकं मात्र त्या दिवशीही चारदा बदललं.

पण एका कॉलेजची गोष्ट आठवली की माझंच डोकं तापतं. महिला दिनासाठी कॉलेजला 'स्त्रीशक्ती'ची मूर्ती हवी होती. बाईंनी चार महिने खपून कापूस वेचणारी बाई केली. कमरेत वाकलेली, पोटाशी बांधलेली ओटी कापसाने टम्म फुगलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बघायला आलेल्या समितीतले एक सर म्हणाले, "बाई जरा जाड झाली. आणि चेहरा हसरा करता येईल का?"

"दिवसभर कापूस येचा अन् मंग हसून दाखवा," बाई म्हणाल्या. "तसंच तिलेही हसवीन."

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पोचलो तर मूर्तीला गुलाबी जरीची साडी नेसवलेली! डोक्यावरून पदर, गळ्यात हार. का, तर म्हणे पाय उघडे बरे दिसत नाहीत. बाई तडक पुढे गेल्या. हार काढला, साडी सोडली, नीट चार घड्या घातल्या आणि ती प्रमुख पाहुण्यांच्या हातात ठेवली. "हे घरी न्या साहेब. तिच्या अंगावर मातीचं लुगडं हाय. तुमाले दिसत नसंल तर डोळे तपासून घ्या." मागच्या रांगेतल्या मुलींनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या. मला आजही राग येतो तो या गोष्टीचा की 'स्त्रीशक्ती'वर भाषणं मात्र ठरल्याप्रमाणे सगळी झाली.

आठवड्याभरात मूर्ती सायकल स्टँडच्या मागे गेली, आणि हलवताना कुणीतरी तिची दोन बोटं तोडली. बाईंनी टेम्पो करून ती परत आणली आणि शेडच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभी केली. मला वाटलं, आता बोटं पुन्हा करतील. नाही केली. "तोडनाऱ्यानं तोडली. दिसू दे," एवढंच म्हणाल्या.

एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. शेजारच्या कारखान्यातली एक बाई जेवणाच्या सुट्टीत मूर्तीपाशी उभी होती. तिने मूर्तीच्या पाठीवर हात फिरवला आणि बाईंना म्हणाली, "लय येळची वाकून राह्यली वं हे. इले जरा आडवं होऊ द्या."

जिल्ह्याला झापणाऱ्या आमच्या बाई उठून मूर्तीच्या मागे गेल्या. डबा तसाच राहिला. त्या कितीतरी वेळ त्या वाकलेल्या पाठीकडे बघत बसल्या.

तेव्हापासून त्या झोपलेल्या बाया करतात. कुशीवर, पालथ्या, हात उशाला घेतलेल्या. बाईंच्या मनगटात आता जोर उरला नाही, म्हणून माती मीच मळून देते. परवा मळता मळता मी एका झोपलेल्या मूर्तीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कधी उठणार हो, बाई?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "उठंल तिच्या मनानं."