पाणी न मारलेल्या मैदानावर

माझं पहिलं वाचन म्हणजे पत्रकं. वडील श्रीरामपुरातल्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे आणि छापताना बिघडलेली पत्रकं घरी आणायचे. संपाची, मोर्चाची, सभेची, सगळ्याच पक्षांची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायचो आणि छापील बाजू पाठ करायचो. त्यामुळे आठवीत असतानाच जाहीर निषेध कसा करायचा ते मला पक्कं ठाऊक होतं. कुणाचा करायचा एवढंच ठरायचं होतं.

ते विसाव्या वर्षी ठरलं. मी तेव्हा गावापासून जवळच्या एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि कारखान्याच्या बास्केटबॉल संघात खेळत होतो. मी ज्यांचा निषेध केला ते आमच्याच संघाचे सेंटर होते.

त्यांना सगळे फिटरदादा म्हणत. मिलमध्ये फिटर, वय चाळिशीच्या पुढे, दारातून वाकून आत येणारा माणूस. संघ निघाला त्या वर्षापासून ते बोर्डाखाली उभे होते. तीनदा जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गेले आणि तिन्ही वेळा नगरच्या एका कॉलेजच्या पोरांकडून हरून आले. दोन हंगामांपूर्वी मिलचा रोलर चढवताना साखळी सटकली आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर बसली. तेव्हापासून तो गुडघा पुरता वाकत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की एवढा उन्हाळा खेळा, पुढच्या वर्षी चालता आलं तरी पुष्कळ. म्हणजे जिल्ह्याच्या विजेत्यांना मिळणारी ती ढाल एकदा हातात धरायची, तर त्यांना हीच शेवटची संधी होती.

हे मला माहीत होतं. तरीही मी लिहिलं. साखळी सामने संपून आमचा संघ पहिल्या चारात आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या भिंतीवर माझं हाताने लिहिलेलं पत्रक लागलं. ‘संघ ही कुणाची जहागीर नाही! जो पळेल तोच खेळेल! वयाच्या मानापुढे न्यायाचा बळी देणार का?’ खाली माझी सही. निनावी लिहिणं मला तेव्हाही भेकडपणाचं वाटायचं.

फिटरदादा चहाचा कप घेऊन पत्रकासमोर उभे राहिले. ओठ हलवत सगळं वाचलं.

“झ्याक लिवलंय,” ते म्हणाले. “पर एक ऱ्हायलं रं, पत्रकवाल्या. मला पळता येत न्हाई हे लिवलंस. उडी बी मारता येत न्हाई, ते बी घाल की.”

सगळे हसले. मी हसलो नाही. आमचा कॅप्टन लॅबमध्ये केमिस्ट होता, मोजूनमापून बोलणारा. त्याने संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं आणि हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूने एक हात जास्त पडला. तो फिटरदादांचाच होता.

“पोरगं खोटं कुठं बोलतंय?” एवढंच ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

उपांत्य सामना आम्ही त्यांच्याशिवाय जिंकलो. मी वाऱ्यासारखा पळालो. मैदानावर आदल्या दिवशी टँकरभर पाणी मारलेलं होतं, रोलर फिरवलेला होता, मुरूम फरशीसारखा घट्ट बसलेला होता. माझं पत्रक खरं ठरलं असं मी चार जणांना तरी ऐकवलं.

अंतिम सामना आमच्याच कॉलनीच्या मैदानावर होता, आणि समोर पुन्हा तेच कॉलेज. पण ते दुष्काळाचं साल होतं. उसाअभावी गाळप लवकर बंद पडलेलं, आजूबाजूच्या गावांतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. कॉलनीत चार चाळींना मिळून एक नळ चालू होता आणि तोही दोन-तीन तासच. बायका पहाटेपासून हंडे रांगेत ठेवायच्या. हंडा म्हणजे नंबर. तो हलवला तर भांडण. उपांत्य सामन्याच्या टँकरवरून नळावर आधीच कुरबूर झाली होती, आणि ती ऐकल्यापासून मला माझ्या त्या विजयाची लाज वाटू लागली होती.

मी रातोरात नाही, भर दुपारी ऑफिसात बसून दुसरं पत्रक लिहिलं. ‘माणसं तहानलेली असताना मातीला पाणी? एक थेंबही मैदानावर पडता कामा नये!’ ह्या पत्रकातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही.

कॅप्टन वैतागला. “अरे, सुक्या मुरुमावर धूळ उडेल. चेंडू उसळणार नाही. आपण सगळे पळणारे आहोत, तूच पहिला घसरशील.”

“घसरेन. पण पाणी नाही.”

“म्हणजे हरायचं?”

तेव्हा बाकावरून फिटरदादा बोलले. “पोराचं बराबर हाय. माजी मालकीन तीन तास नळावर हुबी ऱ्हाती. तिच्या म्होरं मातीत पानी वतलं तर ती मलाच वतंल नाल्यात.”

पाणी मारलं नाही. टँकर चाळींकडे वळला.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी मैदानावरून जात होतो, तर फिटरदादा एकटेच चेंडू घेऊन फिरत होते. एक पाऊल टाकायचे, चेंडू एकदाच आपटायचे, मान कलती करून ऐकायचे, मग पुढचं पाऊल. असं त्यांनी निम्मं मैदान संपवलं होतं.

“दादा, सराव चाललाय का मशिनीला तेल घालताय?” मी विचारलं.

“बेरिंग बगतोय. ये हिकडं, तुला बी दावतो.”

“मला वेळ नाही,” मी म्हणालो. मला खरंच वाटलं की म्हातारा मैदानाचा निरोप घेतोय.

ऊन कललं तेव्हा सामना सुरू झाला. चाळींच्या पायऱ्या, पाण्याच्या टाकीचे कठडे, बैलगाड्यांची जोखडं, जिथे जागा होती तिथे माणूस होता. आणि पहिल्या पाच मिनिटांत माझं पळणं संपलं. मी वळलो की पाय निसटायचा. चेंडू कधी छातीपर्यंत यायचा, कधी घोट्याशीच मरायचा. दोनदा मी सरळ पालथा पडलो. कॉलेजची पोरंही घसरत होती, पण ती उंच होती. त्यांना पळायची गरजच नव्हती. एकमेकांच्या डोक्यावरून चेंडू फेकून ती बास्केट करत होती. मध्यंतराला आम्ही बारा गुणांनी मागे होतो. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “पत्रकवाले, आता तोंडावर तरी पाणी मारा!”

मी फिटरदादांसमोर जाऊन उभा राहिलो. गुडघ्यावर ते कॅनव्हासची पट्टी आवळून बांधत होते. त्यांना कुणी बांधायला सांगितलेलं नव्हतं.

“दादा, सकाळी काय दाखवत होतात?”

“आता बरं इचारलंस,” ते म्हणाले. “आजवर नुसतंच लिवत हुतास.”

मग त्यांनी बोटाने धुळीत मैदान काढलं. हे मैदान करण्याआधी तिथून उसाच्या गाड्या वजनकाट्याकडे जायच्या. वर्षानुवर्षं चाकांखाली दबून कडेच्या निंबाच्या बाजूला एक पट्टा दगडासारखा झाला होता. वरचा मुरूम सुटला तरी खालचा तो रस्ता तसाच होता. “चेंडू आपटायचा तर हितंच. बाकी मैदानावर आपटायचाच न्हाई, हातातनं हातात. आन आता आपल्याला जो बोर्ड राखायचा हाय, त्याच्याखाली उजव्या अंगाला भुसभुशीत हाय. तितं चेंडू पडला तर उठायचा न्हाई. ध्यानात ठिवा.”

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “दादांना घ्या. माझ्या जागी घ्या.”

“तुज्या जागी कशाला?” फिटरदादा खेकसले. “मग पळंल कोन? मी?”

बाहेर त्यांच्या जागी खेळणारा उंच पोरगा गेला, आत फिटरदादा आले.

दुसऱ्या अर्ध्यात जे झालं ते मी इतक्या वेळा सांगितलं आहे, तरी सांगताना अजून अंगावर काटा येतो. ते समोरच्या बोर्डापासून थोडं अलीकडे जाऊन उभे राहिले आणि हललेच नाहीत. आम्ही चेंडू त्यांच्याकडे द्यायचा आणि त्यांच्या पाठीला घासून पलीकडे जायचं. आमच्या मागे येणारा पोरगा त्यांच्या अंगावर आपटून थांबायचा, तोवर चेंडू पुन्हा आमच्या हातात. एक बास्केट. दोन. पाच. आमच्या बोर्डाखाली कॉलेजचा सेंटर उडी मारायला जायचा, तर त्याच्या पुढ्यात ही पाठ. तो ढकलायचा आणि स्वतःच्याच पायाखालच्या धुळीवरून मागे सरकायचा. दादांच्या टाचा मुरुमात रुतलेल्या. नंतर मला त्यांनी सांगितलं की मिलमधला रोलर हाताने सरकत नाही, टाच रोवून सरकतो. हे तर नुसतं पोरगं होतं.

“अंकल, बाजूला व्हा ना!” तो वैतागून म्हणाला.

“म्होरं लई ऊन हाय बाळा, सावलीत ऱ्हा,” दादा म्हणाले. पहिल्या रांगेतली माणसं खदाखदा हसली.

पण गुडघा सुजत चालला होता. पट्टीच्या वर-खाली तो फुगलेला मला दिसत होता. कॅप्टनने दोनदा बाहेर येता का म्हणून खूण केली, दोनदा दादांनी नकारार्थी मान हलवली.

शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू कॉलेजकडे होता. त्यांच्यातल्या एकाने आमच्या बोर्डावर नेम मारला. चेंडू कडीला लागून उजवीकडे पडला. खाली, भुसभुशीत. त्यांची तीन उंच पोरं हात वर करून उसळीची वाट बघत उभी राहिली. चेंडू उठलाच नाही. उठणार नाही हे त्या क्षणी एकाच माणसाच्या ध्यानात होतं. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून तो पडला. सरळ, झाड पडावं तसा, आडवा. पडल्या पडल्या त्यांनी तळहाताने चेंडू निंबाच्या बाजूला ढकलला आणि ओरडले, “गाडीवाट धर!”

मी गाडीवाट धरली. चेंडू आपटत होता आणि दर वेळी थेट माझ्या हातात परत येत होता. पाय घसरला नाही. बोर्डाजवळ मी एकटाच होतो.

चेंडू जाळीतून खाली आला आणि शिट्टी वाजली. एका गुणाने!

माणसं टाकीवरून उतरली, पायऱ्यांवरून धावली, सगळं मैदान धुळीने भरलं. मी उलटा पळालो. दादा अजून जमिनीवरच होते, पाय लांब करून, धुळीने पांढरे. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “काय रं, आता माजा निषेध मागं घेतोस का न्हाई?”

“जाहीर,” मी म्हणालो आणि मला रडूच आलं.

ढाल कॅप्टनने त्यांच्याच हातात दिली. आम्ही त्यांना खांद्यावर घेतलं. घरी सोडणार होतो, पण त्यांनी वरूनच हुकूम केला, “आधी नळावर!”

त्या संध्याकाळी पाणी उशिरा आलं होतं. त्यांची मालकीण रांगेत होती. सामना बघायला तिने नंबर सोडला नव्हता. ओरडा ऐकूनच तिला सगळं कळलं होतं. दादांनी वरून ढाल पुढे केली. तिने नवऱ्याचा गुडघा पाहिला, ढाल पाहिली, दोन्ही हातांनी ती घेतली आणि पदराने पुसली.

“लई वरसं लावलीत,” ती म्हणाली.

मग तिने आपला हंडा उचलून कडेवर घेतला, त्याच्या जागी रांगेत ती ढाल उभी केली आणि मागच्या बाईला बजावलं, “ह्यो माजा नंबर. मी ह्यांच्या पायाला शेक देऊन आले. कुनी हलवायचा न्हाई.”

कुणी हलवला नाही. हंड्यांच्या रांगेत जिल्ह्याची ढाल एकेक जागा पुढे सरकत राहिली. दर वेळी मागची बाई ती दोन्ही हातांनी उचलायची आणि अलगद पुढे ठेवायची.