आमच्या मामांची शेवटची अटक

तुम्हाला कधी नीट, रीतसर अटक झाली आहे का? नसेल, तर या विषयावरच्या तुमच्या मताला आमच्या थोरल्या मामांच्या लेखी काडीची किंमत नाही. दिल्लीत अधिकारी गल्लोगल्ली सापडतात, पण अटकेचा खरा दर्दी एकच, आणि तो आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. क्वार्टर मामींच्या नावावर, नोकरी मामींची. मोर्चे, धरणं आणि निषेध तेवढे मामांचे. मामींच्या बदलीबरोबर ते अकोल्याहून इथे आले, पहिल्याच महिन्यात जंतरमंतरवरून पोलिसांच्या बसमध्ये कोंबले गेले, आणि त्या संध्याकाळी म्हणाले, "शहर चांगलं आहे."

लोक आंब्यांची चर्चा करतात तशी मामा अटकांची करत. कुठल्या ठाण्यात चहा बरा, कुठला फौजदार उर्मट पण कायद्याला धरून, कुठल्या कोठडीत उन्हाळ्यातही गार वाटतं, सगळं तोंडपाठ. वर्तमानपत्रानं 'आंदोलकांना ताब्यात घेतलं' असं छापलं की ते संपादकाला फोन करून भांडायचे, "ताब्यात घेणं वेगळं, अटक वेगळी! माझी अटक होती!" जामीन त्यांनी जन्मात घेतला नाही. "जामीन म्हणजे अर्धी माफी," हे त्यांचं मत. दारामागे एक पिशवी कायम टांगलेली: टॉवेल, शुगरच्या गोळ्या, जादा चष्मा. ती पिशवी सरोजिनी नगरच्या बाजारात घेताना उशाला मऊ लागते का हे बघायला मामांनी दुकानदाराच्या फळीवर डोकं टेकवलं होतं. मामी चार दुकानं पलीकडे जाऊन अनोळखी बाईसारख्या उभ्या राहिल्या. मी वाचायला शिकले ती मामांच्या पत्रकांवर, त्यामुळे मला आलेलं पहिलं पूर्ण वाक्य 'जाहीर निषेध' हे होतं, आणि बालवाडीत ते मी खिचडीबद्दल वापरलं.

पण अलीकडे दुःख एवढंच, की मामांना कुणी अटक करेना. गुडघे गेले, केस पांढरे झाले. मोर्च्यात पोलीस बाकीच्यांना बसमध्ये ढकलत आणि मामांना हात धरून सावलीत नेत. "अंकल, आप इधर बैठो, पानी पियो." त्या 'अंकल'चा घाव मामांना लाठीपेक्षा जास्त लागला होता.

अशात एका शनिवारी सकाळी मामांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. मी मामांच्या बाहेरच्या खोलीत मटार सोलत होते. पडद्यावर गणवेश, मागे झेंडा, टेबलावर फायली. नाटक मंडळीलाही हेवा वाटावा असा सेट. "आपके नाम के पार्सल में ड्रग्स मिले हैं. आप डिजिटल अरेस्ट हैं. कैमरे के सामने से हिलना नहीं."

मामांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. "अगं, ऐकलंस का? अटक झाली!" त्यांनी मामींना हाक दिली. मामी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, खोटं आहे हे. फोन ठेवा," मी म्हणाले.

"तू गप. अटक तुझी आहे का माझी?" आणि लगेच पडद्याकडे वळून, "जय भीम. धारा कौनसी लगाई?"

"धारा बहुत हैं."

"नंबर बोलो. अरेस्ट मेमो किधर है? उस पे गवाह की सही लगती है. और गाडी कब भेजते? मेरी बॅग तैयार है."

गणवेश गोंधळला. आजवर त्याला रडणारे भेटले होते, हात जोडणारे भेटले होते. आमच्याच कॉलनीत एक मोठे साहेब अशाच कॉलवर कॅमेऱ्याची परवानगी काढून पाणी पीत होते, हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, हे फक्त साहेबांना माहीत नाही. हयातभर फायलींवर प्रश्न काढणारी माणसं गणवेश दिसला की एक प्रश्न विचारत नाहीत. शाळेत आपल्याला उभं राहायला शिकवतात, विचारायला नाही. या चोरांचा सगळा धंदा त्या एका धड्यावर चालतो.

"मामला ऐसे निपट सकता है," गणवेश म्हणाला. "पैसा जाँच के लिए सरकारी खाते में डालिए, वापस मिल जाएगा."

"हम जमानत नहीं लेते. जेल भेजो. लेकिन ड्रग्स का केस नहीं चलेगा, हमारी इज्जत का सवाल है. राजकीय केस लगाओ."

"और किसी को बताना मत!"

इथे मामा खरे भडकले. "बताना मत? अरे, अटक असते कशासाठी? सांगण्यासाठीच ना!" फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ते तरातरा बाल्कनीत गेले आणि खालच्या बागेतल्या मंडळींना खणखणीत आवाजात कळवलं, "भाईयो और बहनो, मुझे अरेस्ट किया गया है!" खालून कुणीतरी "बधाई हो अंकल" म्हणालं. मी त्यांना दंडाला धरून आत ओढत होते, आणि हसत होते.

आत आलो तर बरणी होती, फोन नव्हता. मामीही नव्हत्या. आतल्या खोलीचं दार बंद, कडी लावलेली, आणि आतून तोच आवाज, आता मधासारखा: "मॅडम, सरकारी नौकरी है ना आपकी? सस्पेंड हो जाओगी. पेन्शन भी गई. पति को मत बताइए. बस वो एफडी तोड़ दीजिए."

मामी पुढच्या वर्षी निवृत्त होणार. क्वार्टर सुटणार. नोएडात दोन खोल्या घेता याव्यात म्हणून त्यांनी नोकरीभर साठवलेलं सगळं त्या एका ठेवीत होतं.

मी दार बडवलं. कायदा सांगितला, ओरडून सांगितला. कडी तशीच. मग मामा पुढे आले. मला वाटलं, आता भाषण. पण ते दाराला कपाळ टेकवून हळूच म्हणाले, "अगं, मी इथेच आहे. मला कुणी नेत नाहीये. आज मी कुठेही जाणार नाही."

मग कडी निघाली. मामींच्या एका हातात मामांचा फोन होता, दुसऱ्या हातातल्या त्यांच्या स्वतःच्या फोनवर बँकेचं ॲप उघडं होतं, शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. पडद्यावरचा गणवेश किंचाळत होता. मामांनी आपला फोन घेतला आणि बंद केला. एकही घोषणा नाही, निषेधाचा एक शब्द नाही.

"तुम्हाला हार घालायला लोक असायचे," मामी पलंगावर बसत म्हणाल्या. "ठाण्याबाहेर डबा घेऊन मी असायचे. दर वेळी वाटायचं, आज सोडलंच नाही तर? आज मारलं तर? तुम्ही एकदा तरी विचारलंत, तू घाबरलीस का?"

मामा त्यांच्याशेजारी बसले. मी सायबर हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं, आणि मटारांकडे परत गेले, कारण त्या खोलीत माझं काही काम नव्हतं.

आता संध्याकाळी दोघं खालच्या बाकावर बसतात. मामी बोलतात, मामा ऐकतात. मोर्च्याचा निरोप आला की मामा आधी मामींकडे बघतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. व्हिडिओवर अटक करणारा कायदा या देशात नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण तुमच्या घरात गुपचूप घाबरणारं एक माणूस आहे. आज जेवताना त्याच्याजवळ बसा आणि सांगा: असा फोन आला तर बंद करून टाक, आणि दाराला कडी न लावता मला हाक मार. मी रागावणार नाही, हसणारही नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका. बाकी सगळं त्या माणसाला बहुतेक आधीच माहीत असतं.