ताईची अट

आमची ताई नाकावर माशी बसू देत नाही. म्हणून बाबांचं दुकान विकायची गोष्ट काढायला दादाने मला पुढे केलं आणि स्वतः दारात उभा राहिला, पळायला बरं पडावं म्हणून.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. बाबा अधू पायांचे बूट बनवायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं. बाजारातला बूट अशांच्या काय कामाचा? प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा करायचा आणि त्यावर चामडं ओढायचं. पाय बदलला की साच्याला चामड्याची चकती चिकटवायची, नाहीतर तो कानशीने घासायचा. असे साच्यांचे दोनशे चौदा जोड फळ्यांवर नावानिशी मांडलेले होते. शेवटची आठ वर्षं बाबांना दिसत नव्हतं. बूट ताईच शिवायची आणि बाबा शेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं कौतुक ऐकवायचे. आम्ही दोघे भाऊ तिकडे फिरकत नव्हतो. खरं सांगायचं तर आम्हाला लाज वाटायची.

बाबांमागे दुकान तिघांचं झालं. दादाने गिऱ्हाईक आणलं होतं, फक्त ताईची आणि माझी सही राहिली होती.

ताईने शिवता शिवता सगळं ऐकून घेतलं.

"करते सही," ती म्हणाली. "पण आधी हे साचे ज्याचे त्याला नेऊन द्या. हातात द्या. आणि पुढचा बूट कोण करून देईल, तेही तोंडाने सांगा."

"एवढंच ना? हा देईल," दादा म्हणाला. दादाचं औदार्य नेहमी माझ्याच जिवावर चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला जोड पिशवीत घालून निघालो. तो एका कंडक्टरबाईंचा होता. त्या कामावर जायच्या घाईत, एका पायात बूट चढवत होत्या. त्याचा तळ चांगला चार बोटं जाड होता.

मी साचे पुढे केले, दुकान विकतोय म्हणून सांगितलं.

"मग मी कुणाकडे जायचं?"

मी जोड आणखी पुढे सरकवला. बाईंनी साच्यांना हात लावला नाही.

"हे घेऊन काय करू, शोकेसमध्ये ठेवू? आठ तास उभी असते मी. घरात दुसरं कुणी कमावणारं नाही." मग एकदम खुर्चीत बसून त्यांनी बूट काढला. "आलाच आहात तर बघा. पंधरा दिवस टाच दुखतेय."

मी जन्मात कुणाच्या पायाला हात लावला नव्हता. ताईला फोन लावला.

"खाली बस," ती म्हणाली. "अंगठ्याने दाबत जा. कुठे दुखतं ते त्या सांगतील. तिथे पेनाने खूण कर."

बसलो. टाचेच्या आतल्या कडेला त्या कळवळल्या. मी खूण केली, ताईने सांगितलं तसं कागदावर पाऊल आखलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. कपाळावरचा घाम पुसला तेव्हा लक्षात आलं, की उरलेल्या दोनशे तेरा दारांतही मला 'मग मी कुणाकडे जायचं?' हेच विचारणार आहेत आणि तिथेही माझ्याकडे उत्तर नसणार.

परत आलो तेव्हा दादा कागद पसरून बसला होता.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

"तुला साधी सुई ओवता येते का रे?"

"नाही. शिवणं ताईला येतं. मी घरोघरी जाऊन मापं आणीन."

दादा तोंडाला येईल ते बोलला. ताईने मात्र माझ्या हातातला कागद घेतला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "वाकडं आखलंयस. उद्या सकाळी परत जा."